मूळ रॉबिन हूड कुठला?
एका विनोदी प्रेमकथेच्या निमित्ताने

गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला भाचीने एक इंग्रजी कादंबरी पाठवली. लेक्स क्राउचर यांची 'नॉट फॉर द फेंट ऑफ हार्ट', प्रकाशनवर्ष २०२४. कथा मध्ययुगीन इंग्लंडमधली. रॉबिन हूडची नात मॅरिएल ही शेरवुडच्या बंडखोरांच्या एका तुकडीची नवी कप्तान आहे. आजोबांच्या नावाचं ओझं खांद्यावर, त्यामुळे ती कायम गंभीर. शेरीफला मदत केल्याचा राग काढण्यासाठी तिची टोळी एका वैदूबाईच्या घरावर जाते आणि तिच्या हाताखाली वाढलेल्या क्लेम नावाच्या मुलीला पळवून आणते. ही क्लेम बडबडी, हसतमुख, पळवून नेणाऱ्यांच्याच जखमा बांधणारी. पुढे मॅरिएलचे वडील शत्रूच्या हाती सापडतात, त्यांना सोडवायला टोळी निघते, आणि वाटेत या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात. सगळं पुस्तक थट्टामस्करीच्या अंगाने लिहिलेलं आहे.

पुस्तक वाचून मी भाचीला फोन केला आणि म्हणालो, "बरं आहे गं, पण रॉबिन हूडलाही सोडलं नाही या लोकांनी. मूळ गोष्ट पार बदलून टाकली."

ती म्हणाली, "मामा, मूळ म्हणजे कुठली?"

मी तत्परतेने सांगितलं: सिंहहृदयी राजा रिचर्ड धर्मयुद्धावर गेलेला, इकडे त्याचा दुष्ट भाऊ जॉन प्रजेला लुटतोय, लॉक्सलीचा सरदार रॉबिन रानात जातो, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटतो, आणि त्याची प्रेयसी मॅरियन. फोन ठेवल्यावर मनात आलं, हे सगळं मला कुठून ठाऊक? शाळेतल्या अवांतर वाचनाच्या पुस्तकातून आणि सिनेमांतून. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून जुन्या कथांच्या मागे लागायची खोड आहे, इतकंच. म्हणून मूळ शोधायला बसलो. वर्षभर वाचल्यानंतर लक्षात आलं की फोनवर सांगितलेल्यापैकी जवळजवळ एकही गोष्ट सर्वांत जुन्या पानांवर नाही.

जुन्या पानांवर काय आहे?

रॉबिन हूडच्या गाण्यांचा पहिला साहित्यिक उल्लेख सापडतो तो विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात, साधारण १३७७च्या सुमारास. तिथे 'आळस' हे पात्र कबूल करतं की मला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी मात्र पाठ आहेत. म्हणजे आपल्याला त्याची पहिली ओळख होते तीच मुळी टवाळांच्या करमणुकीचा विषय म्हणून.

त्यानंतरचा मोठा ऐवज म्हणजे 'अ गेस्ट ऑफ रॉबिन होड' हे दीर्घ कथागीत. ४५६ कडव्यांचं हे गीत पंधराव्या शतकाच्या अखेरीस किंवा सोळाव्याच्या आरंभी छापलं गेलं. त्यातला रॉबिन सरदार नाही. तो 'योमन' आहे, म्हणजे सरदारही नाही आणि राबणारं कूळही नाही, असा मधल्या थरातला स्वतंत्र माणूस. तो मुख्यतः यॉर्कशरमधल्या बार्न्सडेलला वावरतो. राजा आहे, पण त्याचं नाव रिचर्ड नाही, एडवर्ड आहे. शेवटी रॉबिनने गरिबांचं भलं केलं असा ओझरता उल्लेख येतो, पण लुटून वाटण्याचा कार्यक्रम नाही. तो खरे पैसे पुरवतो ते एका कर्जबाजारी सरदाराला: यॉर्कच्या सेंट मेरी मठाचं चारशे पौंडांचं देणं फेडण्यासाठी.

आणि या गीतात मॅरियन नाही. रॉबिनच्या आयुष्यात स्त्री म्हणून आहे ती मेरी माता, तिचा तो निस्सीम भक्त. आणि शेवटी आहे ती कर्कलीजच्या मठाची प्रमुख, जी औषध म्हणून त्याची शीर कापते आणि त्याचा जीव घेते. प्रेयसी नाही, लग्न नाही.

मग त्या रानात भावना कुणाच्या कुणाविषयी आहेत? याचं उत्तर 'रॉबिन हूड अँड द मंक' या गीतात मिळतं. पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितातलं हे गीत रॉबिन हूडच्या सर्वांत जुन्या गीतांपैकी एक. रॉबिन आणि लिटल जॉन पैजेवर बाण मारतात. जॉन पाच शिलिंग जिंकतो, रॉबिन ते नाकारतो आणि त्याच्यावर हात उगारतो. जॉन रुसून निघून जातो. रॉबिन हट्टाने एकटाच नॉटिंगहॅमला चर्चमध्ये जातो आणि एका मंकच्या, म्हणजे मठवासी साधूच्या, चहाडीमुळे पकडला जातो. बातमी कळताच जॉन सगळा राग गिळून निघतो, राजाला फसवतो, शेरीफला दारू पाजून झोपवतो आणि रॉबिनला सोडवून आणतो. मग म्हणतो, तू माझं वाईट केलंस, मी तुझं भलं केलं, आता येतो मी. रॉबिन त्याला अडवतो, सगळ्या टोळीचं नायकपण देऊ करतो. जॉन ते नाकारतो. त्याला फक्त सोबती म्हणून राहायचं आहे. भांडण, रुसवा, सुटका, मनधरणी असं प्रेमकथेचं सगळं सामान इथे आहे, पण ते दोन पुरुषांच्या मैत्रीवर खर्च झालेलं आहे.

हसणं आणि सोंगं

दुसरी गोष्ट लक्षात आली ती विनोदाची. आजचा सिनेमातला रॉबिन बराच वेळ कपाळावर आठ्या घालून असतो. जुना रॉबिन चेष्टेखोर आहे आणि पुष्कळदा स्वतः मार खाणारा आहे. रानात अनोळखी माणूस भेटावा, रॉबिनने त्याला अडवावं, त्याने रॉबिनला यथेच्छ बदडावं आणि मग रॉबिनने "आमच्यात येतोस का?" असं विचारावं, हा या गीतांचा आवडता साचा. लिटल जॉनही एका कथागीतानुसार असाच आला: पुलावर लाठ्यांची लढत होते आणि नायक पाण्यात पडतो.

'रॉबिन हूड अँड द पॉटर'मध्ये तो कुंभाराशी कपडे बदलतो आणि नॉटिंगहॅमच्या बाजारात पाच पेन्सची मडकी तीन पेन्सला विकतो. उरलेली पाच शेरीफच्या बायकोला भेट देतो. ती खूश होऊन त्याला जेवायला बोलावते आणि शेरीफ आपल्याच शत्रूबरोबर पंगतीला बसतो. शेवटी रॉबिन शेरीफला रानात नेऊन लुटतो, पण बायकोसाठी एक सुंदर घोडी देऊन परत पाठवतो. घरी पोचल्यावर बायको हसत सुटते.

सोंग हे या कथांचं खास हत्यार, आणि त्या सोंगांमध्ये स्त्रीवेष पहिल्यापासून आहे. रॉबिन हूडच्या आधीचा एक खराखुरा बंडखोर पाहा. फ्रान्सच्या बुलोन भागातला युस्तास हा एके काळचा मठवासी साधू, नंतरचा दरोडेखोर आणि समुद्री चाचा. १२१७ साली सँडविचच्या समुद्रयुद्धात त्याचा शेवट झाला. त्याच्यावर तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमध्ये सुमारे २३०० ओळींचं विनोदी काव्य रचलं गेलं. त्यात तो बुलोनच्या काउंटला छळण्यासाठी कधी कुंभार होतो, कधी कोळसेवाला, कधी महारोगी. झाडावर बसून बुलबुलाचा आवाजही काढतो. एका प्रसंगी तो बाई होतो. काउंटचा एक शिपाई या 'बाई'वर लुब्ध होतो, आणि तिच्या आश्वासनाला भुलून घोड्यासकट रानात जातो. तिथे बाईचा युस्तास होतो आणि शिपायाची पाचावर धारण बसते. सगळा प्रसंग चावट, आपल्या तमाशातल्या वगाला शोभेल असा.

रॉबिनच्या नावावरही असं गीत आहे. बिशप मागे लागलाय म्हणून रॉबिन एका म्हातारीच्या झोपडीत शिरतो आणि दोघं कपडे बदलतात. बिशप हिरव्या पोषाखातल्या म्हातारीला पकडून मोठ्या दिमाखात घोड्यावरून नेतो. पुढे खरा रॉबिन टोळीसह दिसतो तेव्हा म्हातारी अगदी शेलक्या शब्दांत बिशपला सांगते, की मी बाई आहे, हवं तर खात्री करून घे! हे गीत सतराव्या शतकात सुट्या कागदावर छापून रस्त्यावर विकलं जाई.

मॅरियन आली कुठून?

मॅरियनचा जन्म वेगळ्याच गोष्टीतला. साधारण १२८३च्या सुमारास आदाम द ला आल याने 'रॉबिन आणि मॅरियन'चं एक फ्रेंच संगीतक लिहिलं. त्यातली मॅरियन मेंढपाळ मुलगी, तिचा रॉबिन खेडूत. बंडखोरीशी दोघांचा काही संबंध नाही. ही जोडी पुढे मे महिन्याच्या वसंतोत्सवात शिरली. इंग्लंडमधल्या गावोगावच्या अशा उत्सवांत रॉबिन हूडचंही सोंग निघे, आणि गंमत म्हणजे हा दरोडेखोर चर्चसाठी वर्गणी गोळा करी. बिशप लॅटिमर याने १५४९ साली राजापुढच्या प्रवचनात तक्रार केली होती: मी एका गावी प्रवचनाला गेलो तर चर्चला कुलूप, कारण आज रॉबिन हूडचा दिवस, सगळं गाव त्याच्या मागे गेलंय!

या उत्सवांत दोन वेगळे रॉबिन एक झाले आणि मॅरियन शेरवुडला आली. मॉरिस नाचात मॅरियन होत असे ती बहुधा लुगडं नेसावं तसा झगा चढवलेला, चेष्टामस्करी करणारा एखादा बाप्या. म्हणजे रॉबिनची पहिली 'मॅरियन' लोकांनी डोळ्यांनी पाहिली ती अशी. पुढे १५९८मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने रॉबिनला हंटिंग्टनचा उमराव करून टाकलं आणि मॅरियनला खानदानी घराणं दिलं. रिचर्डचा काळ १५२१मध्ये जॉन मेजर या इतिहासकाराने जोडला. सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हा रंग वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो'ने १८१९मध्ये चढवला. मी फोनवर 'मूळ' म्हणून जे सांगितलं, त्याची ही गोळाबेरीज.

सतराव्या शतकातल्या एका गीतातली मॅरियन मात्र मला फार आवडली. ती पुरुषवेष घेऊन, धनुष्य-तलवार बांधून रॉबिनला शोधायला निघते. रॉबिनही सोंगात असल्याने दोघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि तासभर तलवारीने लढतात. रक्तबंबाळ झालेला रॉबिन त्या 'पोराला' म्हणतो, बास कर, माझ्या टोळीत ये. आवाज ऐकून ती ओळखते आणि मिठी मारते. क्राउचर यांच्या मॅरिएलचं नातं मला या मॅरियनशी लागतं.

गॅमेलिनपासून रोझलिंडपर्यंत

बंडखोराची कथा, विनोद आणि स्त्री-पुरुषपणाची सरमिसळ असलेली प्रेमकथा ही तिन्ही एकत्र आणणारं पहिलं मोठं पुस्तक २०२४चं नाही. ते चारशे वर्षांपूर्वीचं आहे आणि आपल्याकडे कित्येकांनी ते कॉलेजात अभ्यासलंय.

चौदाव्या शतकात 'द टेल ऑफ गॅमेलिन' नावाचं सुमारे ९०० ओळींचं काव्य रचलं गेलं. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या काही हस्तलिखितांत ते घुसडलं गेलं म्हणून टिकलं. थोरला भाऊ धाकट्या गॅमेलिनची जमीन लाटतो, गॅमेलिन कुस्ती जिंकतो, मारामारी करून रानात जातो, बंडखोरांचा राजा होतो आणि शेवटी भर न्यायालयात घुसून लबाड न्यायाधीशालाच फासावर देतो. प्रेमाला यात जागा नाही. १५९०मध्ये टॉमस लॉजने या कथेवर 'रोझलिंड' ही प्रेमकथा रचली, आणि १५९९च्या सुमारास शेक्सपिअरने त्यावरून 'ॲज यू लाइक इट' लिहिलं. रानात राहणाऱ्या हद्दपार ड्यूकची तुलना तिथे पहिल्याच अंकात रॉबिन हूडशी केलेली आहे.

या नाटकातली रोझलिंड पुरुषवेषात रानात येते आणि नाव घेते गॅनिमीड. ग्रीक पुराणात हा झ्यूसचा लाडका मुलगा, आणि शेक्सपिअरच्या काळी हा शब्द पुरुषाच्या पुरुषप्रेमिकासाठी सर्रास वापरात होता. प्रेक्षकांना तो कळत असणारच. प्रेमात वेडा झालेला ऑर्लँडो या 'मुला'ला रोझलिंड समजून त्याच्याशी प्रेमाचा सराव करतो, लुटुपुटीचं लग्नही लावून घेतो. फीबी नावाची मेंढपाळ मुलगी गॅनिमीडच्या, म्हणजे खरं तर एका मुलीच्या, प्रेमात पडते. आणि त्या काळी स्त्रीभूमिका मुलगेच करत. म्हणजे रंगमंचावर एक मुलगा मुलगी झालेला, ती मुलगी मुलगा झालेली, आणि तो मुलगा पुन्हा मुलीचं सोंग करणारा! 'मानापमान'मधल्या बालगंधर्वांच्या भामिनीवर भाळलेल्यांच्या आठवणी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

सावधगिरीचे दोन शब्द

याचा अर्थ रॉबिन हूड समलिंगी होता असा काढावा का? १९९९ साली कार्डिफ विद्यापीठातले अभ्यासक स्टीफन नाइट यांनी जुन्या कथागीतांतलं प्रेम पुरुषापुरुषांमधलं आहे अशा अंगाने मांडणी केली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठं वादळ उठलं. माझं मत विचाराल तर, असा दाखला देता येणार नाही. कथेतल्या माणसाचा खाजगी वृत्तांत कुठून आणायचा? शिवाय मध्ययुगीन रीती वेगळ्या. रॉजर ऑफ हाउडन हा त्या काळचा इतिहासकार सांगतो, की ११८७मध्ये पुढे राजा झालेला रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप एका ताटात जेवत आणि एका बिछान्यात झोपत. त्यावरून पुष्कळ तर्क लढवले गेले. पण जॉन गिलिंगहॅम यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, की हा राजकीय मैत्रीचा जाहीर देखावा होता. आजचे शब्द तेव्हाच्या माणसांना चिकटवताना जपायला हवं.

पण हाच नियम उलट बाजूनेही लागतो. रॉबिन आणि मॅरियनची जोडी 'मूळची' आणि बाकी सगळी भेसळ, असंही म्हणता येत नाही.

कायद्याबाहेरचे

'आउटलॉ' या शब्दाचा आपण 'दरोडेखोर' असा सोपा अर्थ करतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ती कायदेशीर अवस्था होती. आरोपीला लागोपाठ परगण्याच्या न्यायसभांत पुकारत. पाचव्या पुकाऱ्यालाही तो आला नाही तर तो कायद्याबाहेर गेला असं जाहीर होई. जुन्या भाषेत त्याच्या डोक्यावर 'लांडग्याचं डोकं' आलं. त्याची मालमत्ता गेली, कायद्याचं संरक्षण गेलं. जुन्या काळी त्याला कुणीही मारावं. बायकांना मात्र 'आउटलॉ' करता येत नसे. मुलगे बारा वर्षांचे झाले की कायद्याच्या शपथेत येत, बायका येतच नसत. मग आत नसलेल्याला बाहेर कसं काढणार? त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता, त्याचा अर्थ 'टाकलेली', बेवारस. मॅरिएलला कप्तान करणाऱ्या कादंबरीतली खरी थट्टा इथे आहे.

समलिंगी संबंध हा मध्ययुगात मुख्यतः चर्चच्या न्यायालयाचा विषय होता. १५३३मध्ये आठव्या हेन्रीने तो राज्याच्या कायद्यात आणला आणि शिक्षा ठेवली मृत्यूची. त्याच कायद्याचा वारसा इंग्रजांनी १८६०च्या भारतीय दंडविधानात कलम ३७७ म्हणून आपल्याकडे आणला. इंग्लंड आणि वेल्सने १९६७मध्ये आपल्यापुरती वाट मोकळी करायला सुरुवात केली. आपल्याकडे सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं इथली कित्येक माणसं, कुणाच्या घरातली, कुणाच्या नात्यातली, कुणालाही न लुटता कायद्याबाहेर होती. बंडखोरांच्या रानात अशा माणसांनी आपलं घर शोधलं तर त्यात नवल काय?

आता ती कादंबरी मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा जुन्या ओळखी दिसू लागल्या. वाटसरूला बळजबरीने पाहुणा करून घ्यायची रॉबिनची खोड 'गेस्ट'मध्ये आहे. पळवून आणलेली क्लेम ही तशीच पाहुणी. पकडलेल्या नायकाला सोडवायला निघणं हे 'मंक'च्या गीतातलं. भांडणातून सोबत जुळणं, गंभीर माणसाची फजिती, हे तर सगळीकडेच. नवीन आहे ते इतकंच, की जे प्रेम इतकी शतकं सोंगाच्या आड उभं होतं ते इथे सोंग उतरवून बोलतं. काही ठिकाणी तरुणांची भाषा जरा जास्तच आजची वाटते, हे माझं गाऱ्हाणं कायम आहे. पण प्रत्येक काळाने रॉबिनला आपल्याच काळाची भाषा बोलायला लावली आहे.

हे सगळं टिपणवहीत उतरवून मी भाचीला फोन केला आणि कबूल केलं, की मूळ गोष्टीबद्दल मी चुकीचं बोललो होतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने मला स्वतःविषयी सांगितलं, आणि पुस्तक मामालाच का पाठवलं होतं तेही. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे. इतकंच सांगतो, की पहिल्या फोनवर मी "मूळ गोष्ट बदलून टाकली" म्हणालो, तेव्हा तिने आणखी सहा महिने गप्प राहायचं ठरवलं होतं. रॉबिन हूडबद्दलचं माझं अज्ञान इतक्या जवळच्या माणसाला महागात पडेल, असं मला वाटलं नव्हतं.